लघवीचं विचारणार कोण?

गावातल्या साठीच्या माणसाला रक्तदाब किती, साखर किती, हे आता कोणीतरी विचारतं. आशाताई घरी येते, फॉर्म भरते, कंबर मोजते, तंबाखू किती खाता ते लिहून घेते. त्या फॉर्मात बायकांसाठी वेगळा भाग आहे आणि तो असायलाच हवा. पुरुषांसाठी वेगळा भाग नाही. रात्री किती वेळा उठता, धार बारीक झालीय का, सुरू व्हायला वेळ लागतो का, हे विचारायचं कोणी ठरवलेलंच नाही. मग माणूसही सांगत नाही. आणि आपण मोकळे होतो म्हणायला, की पुरुष तब्येतीचं बोलतच नाहीत!

बोलतील कसे? विचारतंय कोण?

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. चाळिशी-पन्नाशीनंतर ती वाढायला लागते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत ही वाढ सापडते, ऐंशीनंतर बहुतेकांत. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, पण म्हणून ती सोसत बसायची गोष्टही नव्हे. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आत राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात. दाब मागे चढत गेला की मूत्रपिंडं सुजतात. एखाद्या दिवशी माणूस सर्दीची साधी गोळी घेतो आणि रात्री लघवी पूर्ण तुंबते. मग जीप शोधा, तालुका गाठा, नळी घाला. कितीतरी घरांत प्रोस्टेट हा शब्द पहिल्यांदा पोचतो तो त्या रात्री, लघवीच्या पिशवीसोबत. त्याआधीची चार-पाच वर्षं ‘वय झालं’ या दोन शब्दांत गेलेली असतात.

त्या वर्षांत माणूस काय करतो ते बघा. लग्नाला जात नाही. एसटीत बसायच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडतो. मे महिन्यातसुद्धा. स्थानकावर उतरल्यावर मुतारी सापडेल का, सापडली तर आत पाऊल ठेवता येईल का, याची खात्री नसते. बायकांचे हाल याहून वाईट आहेत, ते वेगळं लिहायलाच हवं. पण पुरुष काय, कुठेही उभा राहतो, हे प्रोस्टेटच्या रुग्णाला लागू नाही. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि मागून कोणी ‘आटपा’ म्हणालं की आलेली धारही थांबते. बसस्थानकाची स्वच्छ मुतारी हाही आरोग्यसेवेचाच भाग आहे. परिवहन खातं ते मानत नाही आणि आरोग्य खातं विचारत नाही.

आता शिबिरांचं. फलक लागतो, नेत्याचा फोटो मोठा, तपासण्यांची यादी लांब, आणि त्यात एक ओळ पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय पाहणाऱ्या रक्तचाचणीची. रक्त काढतात, दोन दिवसांनी मोबाईलवर आकडा येतो. आकडा जास्त असेल तर घर हादरतं. पीएसए नुसत्या वाढलेल्या ग्रंथीनेही वाढतं, जंतुसंसर्गानेही, नुकतीच नळी घातली असेल तरीही. ग्रंथी आकसवणारी फिनास्टेराइडसारखी गोळी चालू असेल तर उलट आकडा निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा मिळतो. हे समजावून सांगणारा डॉक्टर शिबिरासोबत आला नसेल, तर ते शिबीर घेऊच नये. सत्तरीपुढच्या सरसकट सगळ्यांचं पीएसए करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये सांगितलंय. ५५ ते ६९ या वयातही डॉक्टरशी बोलून, फायदा-तोटा समजून मग ठरवावं, असं तिचं म्हणणं. आपल्याकडे बोलणं गाळलं आणि सुई तेवढी ठेवली.

कर्करोगाचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. सुरुवातीचा प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही, त्यामुळे लघवीचे प्रश्न विचारून तो पकडता येईल असा दावा कोणी करू नये. वडिलांना किंवा भावाला झाला असेल त्याने पन्नाशीच्या आधीच डॉक्टरकडे विषय काढावा. आणि म्हाताऱ्या माणसाची कंबर महिनोन् महिने दुखत असेल, तर मालिश करणाऱ्याकडे नेण्याआधी त्याला तपासा. हा रोग हाडांत उतरतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये हिशेब मांडला: २०२० मध्ये जगात वर्षाला १४ लाख नवे रुग्ण होते, २०४० मध्ये २९ लाख होतील. कारण साधं आहे, माणसं जास्त जगणार. या वाढीचा मोठा वाटा आपल्यासारख्या देशांत असेल.

मग पुरुषांपर्यंत पोचायचं कसं? लॉस एंजेलिसमध्ये याचं एक चोख उत्तर मिळालं, विषय रक्तदाबाचा असला तरी. कृष्णवर्णीय पुरुष दवाखान्यात येत नव्हते, तर संशोधक ५२ केशकर्तनालयांत गेले. साधारण अर्ध्या दुकानांत न्हाव्याने फक्त सांगितलं, डॉक्टरांना दाखवा. उरलेल्या दुकानांत औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसला, तिथेच रक्तदाब मोजला, तिथेच औषध लिहून दिलं. सहा महिन्यांनी वरचा रक्तदाब पहिल्या गटात सरासरी ९ने उतरला, दुसऱ्यात २७ने. हा अहवाल २०१८चा. आपल्या जनजागृतीवाल्यांनी तो पाठ करावा. सल्ला स्वस्त असतो म्हणून आपण सल्ला वाटत सुटतो. औषध आणि माणूस जागेवर गेला तर फरक पडतो.

महाराष्ट्राने प्रयत्नच केले नाहीत असं नाही. २०२३ मध्ये अठरा वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीची खास मोहीम निघाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ हा उपक्रम तर मला मनापासून आवडतो. साठीपुढचे इतके पुरुष एका रस्त्यावर, एका चालीने पंढरपूरकडे जाताना दुसरीकडे कुठे भेटणार? तिथे पायाचे फोड बांधता, साखर बघता, तसे लघवीचे सात प्रश्नही विचारा. सात म्हणतोय कारण जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ वापरतात त्या प्रश्नावलीत लक्षणांचे प्रश्न सातच आहेत, गुण पस्तीसपैकी. पाच मिनिटांचं काम.

पण पुढचा दरवाजा उघडा हवा. आयुष्मान योजनेत दुर्बिणीची प्रोस्टेट शस्त्रक्रिया आहे, सत्तरीपुढच्यांना तर उत्पन्नाची अटही नाही. योजना पैसे देते ती भरती झाल्यावर. त्याआधीची रोजची गोळी, सोनोग्राफी, शहरातल्या तज्ज्ञाची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं, हे सगळं, जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालं नाही तर, म्हाताऱ्याच्या खिशातून. म्हणजे लघवी तुंबेपर्यंत थांबलात तर सरकार सोबत आहे, वेळेत आलात तर तुमचं तुम्ही बघा. ही रचना उफराटी आहे. लघवीची वाट मोकळी करणारी टॅमसुलोसिन ही काही दुर्मीळ गोळी नाही, जनऔषधी दुकानात स्वस्तात मिळते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम हवी.

राहिला प्रश्न विचारणार कोण याचा. आशाताईवर हेही टाकू नका. तिच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं आहेत, आणि सासऱ्याच्या वयाच्या शेजाऱ्याला ती लघवीचं कसं विचारेल? उपकेंद्रात आरोग्यसेवक हे पुरुषाचं पद आहे. तो मलेरियासाठी रक्ताचे नमुने घेत घरोघर फिरतो, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलं का ते बघतो, पारावर बसतो, सगळ्यांना नावाने ओळखतो. त्याच्या हातात या सात प्रश्नांचा कागद द्या. पद रिकामं असेल तर आधी भरा. आणि ज्यांचे गुण जास्त येतील त्यांच्यासाठी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा मूत्ररोगतज्ज्ञ आणून बसवा. दिवस आठवडी बाजाराचा ठेवा, त्या दिवशी माणसं तशीही तालुक्याला येतात.