आपण असंख्य पंप ........ दुरुस्त केलेत

बोईसरमध्ये मराठीचा निवृत्त मास्तर असलं की मानपत्रांचा ठेका आपसूक आपल्याकडे येतो. एमआयडीसीत दर महिनाअखेरीला कोणी ना कोणी निवृत्त होतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या दाराची बेल वाजते. मोबदला अर्धा किलो बालूशाही. मला मधुमेह आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी बालूशाहीच.

गेल्या महिन्यात पाळी आली आमच्याच इमारतीतल्या मेस्त्रींची. तिसऱ्या मजल्यावर राहतात. एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स फिटर. 'कर्तव्यतत्पर', 'अजातशत्रू', 'आपले पुढील आयुष्य' वगैरे माल माझ्याकडे तयारच असतो, त्यामुळे तासाभरात मानपत्र उरकलं. अडलं एकाच वाक्यात. 'आपण असंख्य पंप ........ दुरुस्त केलेत.' कसे दुरुस्त केलेत? चाळीस वर्षं मी पोरांना रीतिवाचक क्रियाविशेषणं शिकवली. नामाला 'ने' लावा, विशेषणाला 'पणे' लावा, झालं. आता स्वतःवर वेळ आली तर एक सापडेना.

आधी लिहिलं 'शिताफीने'. वाचून दाखवायला मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सर, पोलीस पकडतात ते ना?"

खरंच होतं. मराठी वर्तमानपत्रात शिताफीने फक्त अटक होते. सापळा रचून, खबऱ्याकडून माहिती मिळवून, शिताफीने. शिताफीने कोणी भाकरी थापल्याचं माझ्या वाचनात नाही. मी जरा विद्वत्ता दाखवली. म्हटलं, "मेस्त्री, मूळ फारसी शब्द 'शिताब'. म्हणजे घाई."

"घाई?" मेस्त्री दचकलेच. "घाईत मी नटसुद्धा फिरवत नाही सर. फ्लँजचे बोल्ट एकामागून एक आवळत गेलं की गॅस्केट तिरकं बसतं. हा आवळला की त्याच्या समोरचा, मग आडवे दोन. थोडं थोडं, फेरी मारून मारून."

"आणि गॅस्केट कापता कसं?"

इथे माझी चूक झाली. त्यांनी टेबलावरची स्टीलची वाटी पुढे ओढली, तिच्या काठावर हाताला लागला तो कागद ताणून धरला आणि चमच्याच्या पाठीने काठाकाठाने ठोकत गेले. टक टक टक, एका लयीत, माझ्याशी बोलत बोलत. कागदावर आधी गोल वळ उठला, मग वळावरच कागद सुटत गेला आणि एक नितळ गोल चकती वाटीत पडली. तो कागद म्हणजे मानपत्राचा मसुदा होता. 'अजातशत्रू' वाटीत गेला.

दुसऱ्या मसुद्यात घातलं 'सफाईदारपणे'. हे मीच खोडलं. डहाणूपर्यंत लोकल आली 2013 साली आणि तेव्हापासून माझी दोन पाकिटं गेलीत. दुसरं गेलं पालघर आणि उमरोळीच्या मधे. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "काय सफाईदारपणे मारलं गं! वरच्या खिशातलं पेन हललं नाही." ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "पस्तीस वर्षांत माझ्या पोळीला हा शब्द नाही मिळाला. पाकीटमाराला एका स्टेशनात मिळाला."

तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. आपली भाषा कसबाचे उत्तम शब्द चोराला देते, उरलेसुरले त्याला पकडणाऱ्याला. चोर हातचलाखीने, सराईतपणे, बेमालूमपणे. पोलीस शिताफीने. बाकी सगळ्या जगासाठी एक 'व्यवस्थित'. एमआयडीसीत तर तोही नाही. तिथे जो तो 'सुरक्षितपणे काम करा' एवढंच लिहून मोकळा होतो. पलीकडे तारापूरला 1969 पासून अणुवीज होते, त्या शेजाराला 'सुरक्षितपणे' शोभतं हे मान्य. पण 'झोकात काम करा' अशी एक तरी पाटी हवी होती.

मग म्हटलं, संस्कृतला शरण जावं. 'लीलया' लिहिलं. मेस्त्री काही बोलायच्या आत वहिनी बोलल्या. "लीलया? रात्री अडीचला फोन आला की कंबरेला पट्टा बांधून जातात हे. एकदा येऊन बघा म्हणावं लीला."

'कुशलतेने' सुचवलं. कुशल म्हणजे मुळात बोट न कापता कुश, म्हणजे दर्भ, उपटून आणणारा. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेचं उदाहरण म्हणून हाच शब्द घेतलाय आणि पुढे विश्वनाथाने त्यावरून वादही घातलाय. एवढं सगळं ऐकून घेऊन मेस्त्रींनी डावा हात पुढे केला. तर्जनीचं टोक नव्हतं. "ब्याण्णव साली," ते म्हणाले. कुशल बाद. प्रवीण म्हणजे मुळात वीणा उत्तम वाजवणारा, तो आपोआपच बाद. पारंगत म्हणजे पैलतीराला पोचलेला. संध्याकाळी बोईसरच्या पुलावरून ज्याला पलीकडे जायचंय त्याने हा शब्द वापरून दाखवावा. उरला निष्णात. म्हणजे पूर्ण न्हालेला. हे ऐकून मात्र मेस्त्री खुलले.

"मग मी झालोय निष्णात! रंगखात्यात पंपाची ग्लँड सुटली तेव्हा. डोक्यापासून पायापर्यंत. तीन दिवस लाल होतो, पोरगी जवळ येईना."

पण 'निष्णातपणे' हा शब्द कानाला असा लागतो की तो लिहिण्यापेक्षा मी लाल होणं पत्करीन.

शेवटी वही बाजूला ठेवून सरळ विचारलं, "मेस्त्री, तुम्हीच सांगा. तुम्ही पंप कसा दुरुस्त करता?"

"स्क्रूड्रायव्हर बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. चांगला पंप एकसारखा गुणगुणतो. खरखर आली की समजायचं, दिवस भरले. आणि ग्लँड कधी पूर्ण आवळायची नाही. थेंब थेंब गळलीच पाहिजे, त्यानेच आतली दोरी थंड राहते. नवी पोरं गळती दिसली की दातओठ खाऊन आवळतात. दोरी जळते, शाफ्टला चरे पडतात."

"मग किती आवळायची हे कसं कळतं?"

मेस्त्रींनी बराच विचार केला. मी पेन सरसावलं.

"कळतं," ते म्हणाले.

याला 'ने' लागत नाही आणि 'पणे'ही लागत नाही. बोईसरमध्ये अशा वेळी 'हात बसलाय' म्हणतात. त्यावर बोलणं संपतं. मराठीत हाताला चव असते, हाताला गुण असतो, हातोटी असते, हातखंडा असतो. सगळं कसब हातात भरलेलं, क्रियाविशेषणापर्यंत पोचेपर्यंत फारसं काही शिल्लक राहत नाही. पण मानपत्रात 'आपला हात बसलेला आहे' लिहिलं तर लोक वहिनींकडे बघतील.

छपाईवाल्याकडे कागद द्यायची वेळ झाली. त्या जागी टिंबं देऊन मी म्हटलं, शब्द संध्याकाळी फोनवर सांगतो. संध्याकाळी वीज गेली, फोनची बॅटरी संपली आणि मी झोपलो. व्यवस्थित झोपलो.

समारंभात मानपत्र वाचायला कारखान्याचे मॅनेजर उभे राहिले. दक्षिणेकडचे गृहस्थ. मराठी नुकतंच शिकलेले, त्यामुळे समोर असेल ते सगळं वाचणारे. मखमली फ्रेम, सोनेरी अक्षरं. "आपण असंख्य पंप," ते म्हणाले आणि थांबले. चष्मा सारखा केला. मग खणखणीत आवाजात, "टिंब टिंब टिंब टिंब टिंब टिंब टिंब टिंब दुरुस्त केलेत." टाळ्यांचा कडकडाट. आठ टिंबं होती, आठही वाचली. मी खुर्चीत खाली सरकत गेलो. मेस्त्री शालीतून मान डोलावत होते. ग्लँडबद्दल आहे असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी फ्रेम परत मागायला तिसऱ्या मजल्यावर गेलो. म्हटलं, चूक सुधारून आणतो. मेस्त्री म्हणाले, "राहू दे सर, नातीने भरली ती जागा." नात तिसरीत आहे. फ्रेम टीव्हीच्या वर लावलेली, अगदी ओळंब्यात. काच काढून, आत लिहून, काच पुन्हा बसवलेली; तिला कोणी हात लावला असेल अशी शंकाही येत नव्हती. सोनेरी टिंबांच्या डोक्यावर पेन्सिलीने, रेघ न सोडता लिहिलं होतं : 'पान्याने'.

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. 'ने' जागच्या जागी होता.