राज्यपालांचे पंख आणि वर्ध्याची कात्री

राजेहो, राज्यपालांचे अधिकार कायदा करून कापावेत, ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून जोर धरते. धरणारा पक्ष बदलतो, मागणी तीच. मुंबईकरांना वाटते ही कल्पना त्यांची. तसे नाही. ही कात्री पहिल्यांदा परजली गेली ती आमच्या वर्ध्यात.

1947 साली घटना समितीत राज्यपालपदावर खल चालू होता. तेव्हा वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी स्वच्छ सांगून टाकले की, राज्यपालाची गरजच नाही. त्याचे काम मुख्यमंत्री करेल आणि जनतेचे दरमहा साडेपाच हजार रुपये वाचतील. वर, नेमायचाच असेल तर निदान त्याच प्रांतातला माणूस नको, ही पुस्ती जोडली. गांधीजींनी डिसेंबरच्या ‘हरिजन’मध्ये त्याची दखल घेतली. सरकारी पै न् पै वाचवायला त्यांची ना नव्हती, पण पदच उडवणे ही खोटी काटकसर होईल, असे त्यांचे मत पडले. राज्यपालाने फार लुडबुड करू नये, पण नुसता शोभेचा बाहुलाही होऊ नये. त्याचा वचक नैतिक असावा. (नैतिक वचक मोजायचे यंत्र अजून सरकारी खरेदीत आलेले नाही.)

पुढची गंमत ऐका. 1967 च्या डिसेंबरात हेच प्राचार्य गुजरातचे राज्यपाल झाले. तोवर आडनाव गळाले होते, आक्षेपही. परप्रांतातला माणूस हवा, ही अट मात्र त्यांनी तंतोतंत पाळली. पगार घटनेत लिहिलेला तोच होता : दरमहा साडेपाच हजार. मे 1971 मध्ये गुजरातेत राष्ट्रपती राजवट लागली आणि मार्च 1972 पर्यंत राज्याचा कारभार राजभवनातून चालला. राज्यपालाचे काम मुख्यमंत्री करेल, असे म्हणणारे गृहस्थ दहा महिने मुख्यमंत्र्याविना राज्य हाकत होते! माणूस सज्जन, गांधीवादी, त्यात शंका नाही. खुर्चीचा गुण म्हणायचा, दुसरे काय.

तेव्हापासून नियम पक्का झाला. राज्यपाल समोरच्यांचा असेल तर तो घटनेचा मारेकरी, आपला असेल तर घटनेचा रखवालदार.

23 नोव्हेंबर 2019 आठवा. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठली. मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा लागली नाही. पंतप्रधानांनी केंद्राच्या कामकाज नियमांतल्या नियम 12 मधला खास अधिकार वापरला आणि आठच्या सुमारास राजभवनात नव्या सरकारचा शपथविधी उरकला. ते सरकार चौथ्या दिवशी गेले, तो भाग वेगळा. आमच्या चौकातले एक निवृत्त तलाठी अजून त्या वेळेवर फिदा आहेत. परवा चहाच्या टपरीवर म्हणाले, “पावने सहाले फाईल दिल्लीहून मुंबईले येते, अन् आपला सातबारा चावडीवरून घरी याले महिना लागते! काऊन बाप्पा?” मी म्हटले, काका, तुमचा सातबारा सरकार पाडत नाही ना.

पण हाच वेग नेहमी नसतो. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या 12 नावांची यादी नोव्हेंबर 2020 मध्ये राजभवनात गेली आणि गुडूप झाली. पुढे सरकार बदलले, नव्या सरकारने ती मागे घेतली. नव्या यादीतल्या सात जणांचा शपथविधी ऑक्टोबर 2024 मध्ये झाला, तोही निवडणूक जाहीर होण्याच्या दिवशी, आचारसंहितेच्या काही तास आधी. म्हणजे घड्याळ चालू आहे. फक्त ते कोणाच्या मनगटावर आहे, ते बघायचे.

यादी अडकल्याने तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने चिडून डिसेंबर 2021 मध्ये कात्री काढली. विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती केली : कुलगुरूपदासाठी दोन नावे सरकार देणार, त्यातले एक राज्यपालांनी तीस दिवसांत निवडायचे. विधेयक हिवाळी अधिवेशनात मंजूर झाले (अधिवेशन नागपूरचे, भरले मुंबईत, वैदर्भीयांनी थंडी तेवढी अनुभवली). मग ते सहीसाठी गेले कुठे? राज्यपालांकडे. खाटकाची सुरी जप्त करायची आणि पंचनाम्यावर सही त्याचीच घ्यायची! कायदा अर्थातच झाला नाही. 2022 मध्ये सरकार पालटले आणि नव्या सरकारने विधेयक परत घेतले. राज्यपालांची सत्ता राज्यपालांनी हात न लावता वाचली.

तसेही, कायद्याने काय थांबते हे वर्ध्याला शिकवू नका. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे. बापूंच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही, असे कायदा म्हणतो. बाकी तुम्ही समजून घ्या.

न्यायालयाचा उंबरा झिजवूनही झाला. एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांना विधेयकांवरच्या निर्णयासाठी मुदती घालून दिल्या. सातच महिन्यांनी, नोव्हेंबरात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मत दिले की, अशा मुदती न्यायालय घालू शकत नाही. अर्थात राज्यपालांनी अनंतकाळ विधेयकावर बसू नये. पीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आमच्या शेजारच्या अमरावतीचे. त्यांचे वडील रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल होते. विदर्भाने देशाला संत्री दिली, कापूस दिला, राज्यपालही दिले. परत काय मिळाले?

तेच तर सांगतोय. राज्यपालांचा एक अधिकार खास आमच्यासाठी आहे. घटनेचे कलम 371(2) : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या विकासनिधीचे न्याय्य वाटप, त्यासाठी स्वतंत्र मंडळे. विदर्भाच्या मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. मार्च 2021 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत हिशेब मांडला : राज्यपाल ज्या दिवशी 12 नावे जाहीर करतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळे जाहीर होतील. बारा आमदारांच्या बदल्यात विदर्भाचा अनुशेष! ओलीस ठेवलेल्याला निदान विचारतात तरी, आम्हाला तेही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये मंडळे पुन्हा स्थापण्याचा ठराव मंत्रिमंडळाने केला.

तेव्हा कात्री घेऊन फिरणाऱ्या सर्वपक्षीयांना विनंती आहे : पहाटेचे अधिकार खुशाल कापा, हा एवढा सोडा. आणि आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा या चारही मतदारसंघांच्या आमदारांनो, नागपूरच्या अधिवेशनात हुरडा खाऊन झाला की, त्या ठरावाचे पुढे काय झाले, एवढा एक तारांकित प्रश्न टाका.