फक्त एक सीट

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात उड्डाणपुलाखाली उभं राहिलं की रिक्षावाला विचारत नाही, जाहीर करतो : "सिडको, सिडको! एकच सीट!" आत डोकवावं तर मागे तिघं बसलेले. परवानाही तिघांचाच. "काका, सरका की जरा," एवढ्यावर चौथी जागा निर्माण होते. चौकातला शिवरायांचा पुतळा २०२२ पासून उंच चबुतऱ्यावर अश्वारूढ आहे. खाली आम्ही रिक्षारूढ, तेही अर्धेच.

"निघणार कधी?"

"हे काय, निघालोच!" इंजिन सुरू होतं, रिक्षा चार फूट सरकते आणि थांबते. हललेल्या रिक्षातून गिऱ्हाईक उतरत नाही, हे ज्ञान कुठल्याही एमबीएत मिळत नसावं.

प्रवासीही काही कमी नाहीत. सगळ्यात जास्त घाई करणाऱ्या मावशी उतरताना पाचशेची नोट काढतात.

"मावशी, सुट्टे द्या ना."

"असते तर तुला दिले नसते का, भाऊ?"

मग पूर्ण रिक्षा खिसे चाचपते. मागचे हॉर्न वाजवतात. उतरलेल्या मावशींची जागा रिकामी होताच आरोळी उठते, आणि सांगायला लाज वाटते, पण ऑफिसला उशीर होत असूनही मीच सरकून जागा करतो.

तुम्हाला सिडकोला जायचंय? या. एक सीट आहे.