चालेल किती?

इंदूरचा मराठी माणूस सात-आठ लाखांची स्पोर्ट बाईक घेतो तेव्हा हप्त्यांचे कागद न वाचताच सही करतो. टायर बदलायची वेळ आली की मात्र त्याच्यातले आजोबा जागे होतात. "चालेल किती?" हे ते चपलांना विचारायचे, पंख्याला विचारायचे, आणि आडून आडून जावयाच्या नोकरीलाही.

राजेंद्रनगरातला माझा भाचा सध्या याच विवंचनेत आहे. मागचा टायर 180/55 झेडआर 17. त्यावर डब्ल्यू हे अक्षर, म्हणजे ताशी 270 किलोमीटरपर्यंत मुभा. ही मुभा तो पलासिया चौकात ई-रिक्षाच्या मागे उभा राहून उपभोगतो.

टायर टिकाऊ हवा आणि घाटात चिकटूनही बसायला हवा, अशी त्याची मागणी. रबराला हे मान्य नसतं. मऊ रबर रस्ता धरतं आणि झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या रस्त्यावर त्याचा भरवसा कमी. 2023 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली. शर्यत 21 फेऱ्यांची, म्हणजे जेमतेम शंभर किलोमीटरांची. एका टायरकडून तिथे तेवढीच अपेक्षा. असा टायर घालून इंदूरहून निघालं तर मांडव येईल. परतीला बस बघावी लागेल.

कंपन्यांनी यावर तोड काढली आहे: एकाच टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि दोन्ही कडा मऊ. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजायचा, वळणावर गाडी कलली की कडांनी रस्ता धरायचा. योजना उत्तम आहे. फक्त गाडी कलायला हवी.

भाच्याचा जुना टायर मी उकिडवा बसून पाहिला. मधोमध सपाट, चक्क पाट झालेला. आग्रा-मुंबई रस्त्याची कृपा. आणि दोन्ही कडांना नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केस जसेच्या तसे! मांडवच्या घाटात गुडघा टेकायचाच राहिला होता, ही गोष्ट आम्ही दोन दिवाळ्या फराळाबरोबर ऐकली आहे. मी एक केस चिमटीत धरून त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "मामा, तू हवा बघ ना, हवा."

हवा ठीक होती. तारीख नव्हती. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. टायर गुळगुळीत झाला की लोक बदलतात, पण उन्हातान्हात उभं राहूनही रबर शिळ्या भाकरीसारखं कडक होतं, आणि वरची नक्षी मात्र शाबूत दिसते. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, असं कंपन्याच सांगतात. ताईने नख रुतवून पाहिलं आणि "याला काय धाड भरलीय?" म्हणून निकाल दिला. तिच्या हाती असतं तर तोच टायर नातवापर्यंत गेला असता.

टायरवाल्याने भाच्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भिया, चलाते कित्ता हो?"

रविवारी छप्पन दुकानवर पोहे-जिलेबी, पावसाळ्यात एखाद-दोनदा मांडव, बाकी गाडी कव्हराखाली. वर्षाला तीन हजार किलोमीटरही ओढूनताणून. माझ्या मते तिथेच निकाल लागला. रोज पीथमपूरला नोकरीला जाणाऱ्याने कडक, टिकाऊ टायर जरूर घ्यावा. रविवारच्या स्वाराचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होणार. मग टिकाऊपणाचे जास्तीचे पैसे कशाला मोजायचे? चिकटणारा घ्यावा, तारीख ताजी बघून घ्यावी. भाच्याने कुरकुरत घेतला. दुकानातून निघताना टायरवाल्याने बजावलं, नव्या रबरावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर दमानं, एकदम कलवू नका. ही अट पाळणं भाच्याला जड गेलं नाही.

मागच्या रविवारी मला मागे बसवून तो पीथमपूरच्या बाजूने मांडवला निघाला. तिथे नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरांचा चाचणीमार्ग आहे, 2021 मध्ये खुला झालेला, वळणावरसुद्धा ताशी 375 किलोमीटर वेगाच्या हिशोबाने बांधलेला. आमच्यापुढे सोयाबीनची ट्रॉली होती. काटा पस्तिसावर. "काढू का पुढे?" त्याने हेल्मेटमधून ओरडून विचारलं.

"समोरून बस येतेय," मी म्हटलं.