किती देऊ?

आमच्या घरात ‘डोकं दुखतंय’ असं मोठ्याने बोलायची सोय नाही. बोललं रे बोललं, की ज्याच्या-त्याच्या अंगातला डॉक्टर जागा होतो. सासूबाई सुंठ उगाळायला सहाण शोधू लागतात. जाऊबाई ‘पित्त असणार, ओकून टाक’ असं सांगतात, तेही सगळे जेवायला बसलेले असताना. मोठे भावजी ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’ असा निकाल देऊन मोकळे होतात. आणि आमचे हे, ज्यांना स्वतःच्या घरात पोळपाट कुठे असतो हे अजून उमगलेलं नाही, ते दिवे गेलेले असले तरी नेमका गोळ्यांचा डबा काढून आणतात.

आपल्याकडे डोकेदुखीला मानच मोठा. अमृतांजन १८९३ साली मुंबईत निघालं, आणि पुढे त्याच्या जाहिरातीपायी बोरघाटातला ब्रिटिशांच्या काळातला अख्खा पूल ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनमुळे द्रुतगती मार्ग मोकळा सापडला तेव्हा, तो सुरुंग लावून पाडला. घाटातल्या वाहतूककोंडीत डोकं अजूनही दुखतं, फक्त समोर बामाचं नाव दिसत नाही.

पण बाम परवडला. जास्त चोपडला तर डोळ्यांतून पाणी येतं, एवढंच. खरी भानगड आहे ती डब्यात.

हा डबा आम्रखंडाचा, एक किलोचा. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या नाहीत, पट्ट्यांचे तुकडे आहेत. कारण आपण मेडिकलमध्ये जाऊन ‘काका, डोक्यावरची द्या’ एवढंच म्हणतो. त्यावर काका कुणाला हवीय, बीपी आहे का, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू आहेत का, असल्या चौकशा करत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच, ‘किती देऊ?’ आपण म्हणतो, द्या चार. मग कात्री चालते. चार गोळ्या आपल्या हातात येतात, आणि गोळीचं नाव व मुदत काकांच्या खोक्यात राहते. आमच्या डब्यातल्या एका तुकड्यावर नुसतं ‘प्लस’ उरलंय. दुसऱ्यावर एक आकडा आहे, तो मिलिग्रॅमचा की किमतीचा यावर घरात दोन तट आहेत. आणि तिसऱ्यावर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे’ या तांबड्या इशाऱ्यातला फक्त ‘विकावे’ एवढाच भाग शाबूत आहे. ह्यांचं म्हणणं, ‘पांढरी आहे, गोल आहे, डोक्यावरचीच असणार.’ या कसोटीला उतरणारी दुसरी गोष्ट आमच्या घरात कॅरमची सोंगटी आहे.

यातल्या बऱ्याच गोळ्या एकट्या नसतात, एकाच गोळीत दोन-तीन औषधं दाटीवाटीने बसलेली असतात. सॅरिडॉनच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: प्रोपिफेनाझोन १५० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल २५०, कॅफीन ५०. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा ३२८ मिश्र औषधांवर बंदी आणली. त्या यादीत सॅरिडॉनही होती, आणि काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने तिला विक्रीची मुभा दिली. त्या आठवड्यात आमच्या घरी राज्यघटनेवर जेवढी चर्चा झाली तेवढी त्याआधी कधी झाली नव्हती. गोळीच्या पाठीवर काय लिहिलंय ते मात्र कुणी वाचलं नाही.

न वाचल्याने काय होतं, ते भावजींच्या गेल्या पावसाळ्यातल्या तापात कळलं. भावजी बँकेतून निवृत्त झालेले. भाजीवाल्याकडे राहिलेले दोन रुपये ते पुढच्या आठवड्यात आठवणीने वसूल करतात. त्यांना सर्दी, ताप, डोकं आणि अंगदुखी, सगळं एकदम झालं. सर्दीसाठी त्यांनी सर्दीची गोळी घेतली, दिवसातून तीनदा. तापासाठी ६५०ची, तीनदा. अंग फारच मोडून आलं म्हणून दुखण्यावरची एक दुपारी, एक रात्री. प्रत्येक दुखण्याला वेगळी गोळी, सगळं कसं शिस्तीत. मी तुकडे जुळवून पाठी वाचल्या. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल ५००, म्हणजे दिवसाचे १५००. तापाच्या गोळीत तर ते होतंच, १९५०. दुखण्यावरच्या गोळीत आयबुप्रोफेनच्या आडोशाला ३२५, म्हणजे दोन वेळचे ६५०.

‘भावजी, बेरीज करा.’

‘एक्केचाळीसशे,’ भावजी कागदाशिवाय म्हणाले. बेरजेत माणूस तरबेज.

‘आणि धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा चार हजार. वजन कमी असेल, लिव्हरचं दुखणं असेल किंवा रोज थोडी घ्यायची सवय असेल, तर त्याहूनही कमी.’

‘रोज थोडी’ म्हटल्यावर भावजींनी खिडकीबाहेर पाहिलं. पण बाकीचं त्यांना चटकन पटलं, कारण ते त्यांच्या भाषेतलं होतं: नावं तीन, खाती तीन, खातेदार एकच. त्यांना हेही सांगितलं, की पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हर पहिल्या दिवशी फारशी तक्रार करत नाही. थोडं मळमळतं, ते आपण तापावर ढकलतो. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस हातचे गेलेले असतात. म्हणून मर्यादा ओलांडल्याचं कळलं, की बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठायचा. त्यांनी गाठला. तपासणीत सगळं ठीक निघालं आणि तपासणीची फी मात्र त्यांना अजून डाचते.

या डब्याशेजारी मध्यंतरी एक परदेशी पाहुणी येऊन बसली. भाचा न्यू जर्सीहून येताना बदाम, चॉकलेटं आणि एक्सेड्रिनची भली मोठी बाटली घेऊन आला. तिकडे अशी बाटली किराणा भरतात तिथे मिळते. एका गोळीत पॅरासिटामॉल २५०, ॲस्पिरिन २५० आणि कॅफीन ६५. यातलं मायग्रेनसाठीचं पाकीट १९९८ साली अमेरिकेत चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळालेलं. बाटलीवर पॅरासिटामॉलचं नाव ‘ॲसिटामिनोफेन’ असतं, त्यामुळे आपल्याकडची तापाची गोळी घेऊन वर ही घेतली तरी कुणाला काही वावगं वाटत नाही. लेबलवर स्पष्ट लिहिलंय की अर्धशिशीसाठी २४ तासांत दोन गोळ्या, त्यापुढे डॉक्टरांना विचारा. पण लेबल वाचणं हा आमच्याकडे औषधाचा अपमान समजला जातो. शिवाय अमेरिकेची गोळी म्हटल्यावर ज्यांचं डोकं दुखत नव्हतं त्यांचंही थोडंथोडं दुखू लागलं.

आत्तेसासूबाईंनी तर हरतालिकेचा मुहूर्त साधला. त्यांचा उपास कडक, निर्जळी. दुपारी तीनच्या सुमाराला डोक्याला पदर घट्ट बांधून त्या आल्या आणि बाटलीतल्या दोन गोळ्या तळहातावर घेतल्या.

‘आत्या, रिकाम्या पोटी नका घेऊ.’

‘अगं, औषधाला उपास नसतो.’

‘मग निदान पेलाभर पाणी तरी प्या.’

‘पाणी कसं पिऊ? निर्जळी आहे ना!’

आणि दोन्ही गोळ्या त्यांनी कोरड्याच गिळल्या. आता यात काय काय झालं ते पाहा. ॲस्पिरिन पोटाच्या अस्तराला आधीच झोंबतं, आयबुप्रोफेनही तसंच, आणि इथे पोटात अन्नाचा कण नाही. पाण्याशिवाय गिळलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करू शकते. आत्यांचं डोकं दुखत होतं ते भुकेने, पाणी न प्याल्याने आणि मुख्य म्हणजे सकाळपासून चुकलेल्या तीन कप चहाने. रोज कॅफीन मिळणाऱ्या शरीराचं कॅफीन एकदम तोडलं तर डोकं ठणकतं. गोळीत कॅफीन घालतात ते वेदनाशामकाचा जोर वाढावा म्हणून. पण आत्यांच्या दोन गोळ्यांत ते १३० मिलिग्रॅम होतं. आपल्या चहाच्या कपात साधारण ३० ते ६५ असतं. म्हणजे व्रताला चहा सोडला आणि दोन-तीन कपांचा अर्क गिळला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या मार्गदर्शिकेत दिवसाचं कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, त्यात गोळीतलंही धरायचं. हे मी आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘देव भावाचा भुकेला.’ डोकं मात्र थांबलं. पोटाने त्याचा वचपा काढला, तो पुढचे दोन दिवस उकडीच्या मोदकांकडे बघवेना इतका.

ॲस्पिरिनची आणखी एक अडचण म्हणजे गणपतीचे दिवस हे आपल्याकडे डेंग्यूचेही दिवस. तापात डोकं फुटायला लागलं की हात डब्याकडे जातो. पण डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळायचे, रक्तस्राव होऊ शकतो. लहान मुलांना तापात ॲस्पिरिन द्यायचंच नाही. ज्यांचा दमा ॲस्पिरिनने उसळतो त्यांनी दूर राहायचं. आणि ज्यांना हृदयासाठी ‘रक्त पातळ करायची’ गोळी चालू आहे त्यांनी तर डोक्यावरची कुठलीही घेण्याआधी विचारायचं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना स्टेंट बसवलाय. ते मीटिंगच्या आधी एक आणि नंतर एक घ्यायचे. पार्किंगचा विषय असला की मधेही एक.

आता माझं सांगते. माझी अर्धशिशी अस्सल. अर्धं डोकं, एका डोळ्यामागे ठोके, उजेड नको, फोडणीचा वास नको, वर उलट्या. अशा वेळी अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहावं असं डॉक्टर म्हणतात. आमच्याकडे दर पाच मिनिटांनी कुणीतरी दार उघडून, दिवा लावून, ‘झोप लागली का गं?’ असं विचारून जातं. डॉक्टरांनी मला सुमाट्रिप्टान दिलंय, दुखणं सुरू होताच घ्यायचं, डोकं पुरतं पेटल्यावर नव्हे. हे एकदा बघून जाऊबाईंनी लगेच मागणी नोंदवली, ‘तुला लागू पडली ना, मग मलाही दे एक.’ जाऊबाईंचं बीपी वरच्या मजल्यावर राहतं. माझी गोळी रक्तवाहिन्या आवळते. बीपी आटोक्यात नसेल किंवा हृदयाचं दुखणं असेल तर ती द्यायची नसते. अर्गोटामीन घातलेल्या अर्धशिशीच्या जुन्या मिश्र गोळ्यांचंही तेच. त्या गर्भारपणात तर चालतच नाहीत, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकबरोबर घेतल्या तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत मजल जाते, आणि माझ्या गोळीबरोबर त्या २४ तासांच्या आत घ्यायच्या नसतात. जाऊबाईंना मी गोळी दिली नाही. त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि माझ्या कंजूषपणाची बातमी नाशिकपर्यंत पोचवली.

सगळ्यात मोठी गंमत मात्र वेगळीच आहे. डोकेदुखीच्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं. मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अर्गोटामीन महिन्यातून दहा दिवस, साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पंधरा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं, की सकाळी उठतानाच डोकं जड. मग आणखी एक गोळी. ती उतरली की पुन्हा डोकं. यातून बाहेर पडायचं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवाव्या लागतात, आणि पहिले काही दिवस दुखणं आणखी चढतं. सासूबाईंचं असंच झालं होतं. त्यांना वाटायचं, गोळ्यांत हल्ली पूर्वीसारखा दम राहिला नाही.

दहा दिवस झाले की आठ, हे कुणाच्या लक्षात राहतं? म्हणून कालनिर्णय. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीत आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर लावल्याची तारीख लिहितो, तिथेच ज्या दिवशी गोळी घेतली त्या दिवशी ‘गो’ लिहायचं, पुढे आपल्या नावाचं पहिलं अक्षर. हे काम मी भावजींवर सोपवलंय. ते महिनाअखेरीला खातेउतारा काढतात आणि आठाच्या वर गेलेल्याला जेवताना सगळ्यांसमोर उभं करतात. सासूबाईंचे ‘गो’ तीनवर आले. आत्या मात्र गोळी घेतात आणि लिहीत नाहीत. त्यांच्यावर भावजींची चौकशी चालू आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी काका कात्री उचलतील तेव्हा नावाची आणि मुदतीची बाजू मागून घ्या, किंवा सरळ अख्खी पट्टी घ्या. पाठ वाचा. चालू असलेल्या बाकीच्या गोळ्यांची नावं त्यांना तुम्हीच सांगा, ते विचारायची वाट बघू नका. आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी नव्हे इतक्या जोराने फुटायला लागलं, किंवा त्याबरोबर बोलणं अडखळलं, एक हात लुळा पडला, तापात मान आखडली, डोक्याला मार लागल्यावर दुखणं वाढतच गेलं, तर सुंठ, बाम, डबा, अमेरिकेची बाटली सगळं राहू द्या आणि १०८ला फोन करा. महाराष्ट्रात ती रुग्णवाहिका फुकट येते.