काहीच केलेलं नाही!

माझा मामा चौकात राहतो. हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा उच्चारलं असेल, आणि दर वेळी पुढचा संवाद ठरलेला.

"कुठल्या चौकात?"

"नुसता चौक."

"अहो, पण चौकाला काही नाव असेल ना?"

"चौक हेच नाव."

मग समोरच्याच्या चेहऱ्यावर, बिचाऱ्याला घर नाही वाटतं, अशी कणव उमटते. तसा मामा रस्त्यावरच राहतो म्हणा. खालापूर तालुक्यातलं हे गाव जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला चिकटून वसलेलं आहे. पनवेल मागे पडलंय, खोपोली यायची आहे आणि पोटात कावळ्यांनी नुकतीच पहिली ओरड केली आहे, अशा नेमक्या ठिकाणी. मामाचं घर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मामीच्या हाकेच्या. ती हाक ट्रकचा हॉर्न चालू असतानाही ऐकू येते.

अशी एक मामी प्रत्येक खाऊ घराण्यात असते. कुठे ती काकू असते, कुठे आत्या, कुठे शेजारच्या वहिनी. ओळखायची खूण एकच. ताट समोर ठेवलं की पदराला हात पुसत ती म्हणणार, "आज काहीच केलेलं नाही हं!"

आपण ताटाकडे बघतो. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, वालाचं बिरडं, जवळ्याची सुकी चटणी, सोडे घातलेली वांग्याची भाजी, पेणचे पोह्याचे पापड, वाटीत सोलकढी आणि बाजूला, उरलेल्या नारळाचं काय करायचं म्हणून केलेल्या नारळाच्या वड्या. ताटात मोकळी जागा दिसते ती फक्त मिठाशेजारी. तीही लिंबाची फोड यायची असते म्हणून.

आता यातलं बाकी सगळं ऐन वेळी झालं असं एक वेळ मानू. पण बिरडं? कडवे वाल रात्री भिजत घालावे लागतात. दुसऱ्या दिवशी ते उपसून फडक्यात बांधायचे, तिसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सालातून बाहेर काढायचा. किलोभर वाल सोलताना घरातल्या तीन पिढ्यांची बोटं सुरकुततात. म्हणजे आज दुपारी पानात बिरडं पडलं, तर कट निदान परवा रात्री शिजलेला असतो. मी एकदा हा पुरावा मामीपुढे ठेवला. ती शांतपणे म्हणाली, "वाल काय, असतातच भिजलेले."

आणि ते खरं आहे. त्या घरात एक फडकं कायम खुंटीला टांगलेलं असतं. कोण येणार ते ठरलेलं नसतं, पण कोणीतरी येणार हे ठरलेलं असतं.

मामीच्या लग्नात रुखवतावर 'रुचिरा' होती. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी नव्या सुनांची अब्रू वाचवली. मामीकडे ते अजून आहे. त्यात विजेची बिलं ठेवलेली असतात. तिचं माप वाटीचं नाही, गावांचं आहे. मांडणीवरच्या टोपांना तिने गावांची नावं दिली आहेत. सगळ्यात लहान टोप खोपोली. खोपोलीची माणसं येतात तशी जातात, अर्ध्या तासाच्या वर बसत नाहीत. मधला पनवेल. त्याहून मोठा कल्याण-डोंबिवली, म्हणजे आम्ही. आणि वर दोन कड्यांचा जो आहे तो पुणे-मुंबई. दोन्हीकडची मंडळी एकाच दिवशी समोरासमोर आली तरच तो खाली उतरतो. "भात कशात लावू?" असं सुनेने आतून विचारलं की मामी बाहेरूनच सांगते, "पनवेलमध्ये लाव, पण पाणी डोंबिवलीचं ठेव." पनवेलची माणसं येताहेत, पण सोबत कोणी असू शकेल, असा त्याचा अर्थ.

तिच्यापुढे 'नको' म्हणायचा प्रयत्न अनेकांनी केला आहे. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटींतून वाढते. माझी एक भाची हल्ली भात खात नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, तिचं तिनेच ठरवलंय. तिने ते जाहीर केल्यावर मामीला काही वाईट वाटलं नाही. "बरं, भात नको खाऊ. भाकरी घे." भाकरी तांदळाची. "भाकरीने पोट जड होत असेल तर दोन घावन टाकते, हलके असतात." घावन तांदळाचे. "आणि हा पापड तरी मोड." पापड पोह्यांचा. जवळच कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, तिथे तयार झालेल्या भाताच्या जातींना कर्जतचंच नाव आहे. अशा मुलखात येऊन भात खात नाही म्हणणं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठल कुठे राहतो विचारण्यासारखं आहे. भाची निघाली तेव्हा तिने भाताचं एक शितही खाल्लं नव्हतं, आणि गाडीत बसताना तिला दोघांनी हात दिला.

मामा हा या व्यवस्थेचा दुसरा खांब. तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसतो आणि आमंत्रणं देतो. मामी रांधते आणि मामा बोलावतो, अशी त्यांच्या संसाराची वाटणी आहे. दुपारचं जेवण चालू असताना तो रात्रीचा बेत ठरवतो. रात्री जेवताना दुपारच्या जेवणाची चिकित्सा करतो. त्यामुळे समोरच्या ताटाबद्दल बोलायला त्याला सवडच मिळत नाही. फार तर एखादं वाक्य, "अगं, खोबरं आणखी एक मिनिट भाजायला हवं होतं." मामी उत्तर देत नाही. फक्त पुढची भाकरी त्याच्या पानात जराशी उंचावरून पडते.

कर्जतमार्गे येणाऱ्यांवर मामाचा विशेष डोळा. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं जोडायची म्हणून कर्जतला गाड्या थांबतात, आणि तेवढ्या वेळात दिवाडकरांचा वडा खाल्ला नाही असा प्रवासी विरळा. आम्ही डोंबिवलीहून कर्जतला उतरून पुढे चौकला पोचलो, की मामा आधी वास घेतो. "वडा खाल्लास ना?" खोटं बोलून उपयोग नसतो, लसणीची चटणी साक्षीला असते. मग मामा आत ओरडतो, "अगं, याला अर्धा तास उशिरा वाढ!" शिक्षा म्हणून नाही. त्या अर्ध्या तासात भूक परत यावी म्हणून तो आम्हाला इर्शाळगडाचं नेढं दाखवायला मागच्या शेतापर्यंत चालवत नेतो.

वर्षातून एकदा मात्र मामा स्वतः स्वयंपाक करतो. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. पोपटी ही पुरुषांनी करायची गोष्ट आहे, असं आमच्याकडचे पुरुष मानतात. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं शेतात उलटं ठेवून भोवती काटक्या आणि पेंढा पेटवायचा. मामा कमरेवर हात ठेवून जाळाकडे असा बघतो की रॉकेट सोडणारा शास्त्रज्ञ वाटावा. मधूनच मडक्यावर पाणी शिंपडतो, चर्र आवाज आला की "झालं!" म्हणून जाहीर करतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

शेंगा मामीने निवडलेल्या असतात. कोंबडीला मसाला मामीने लावलेला असतो. पाला तिनेच आणवलेला, मडकं तिनेच धुतलेलं. काडी मामाने ओढलेली असते. केळीच्या पानावर पोपटी उपडी झाली की पाहुणे मामाची पाठ थोपटतात. मामा नम्रपणे म्हणतो, "छे हो, यात काय, काहीच केलेलं नाही." उभ्या घरात हे वाक्य इतक्या प्रामाणिकपणे दुसरं कोणी म्हणत नाही.

२००२ साली मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे पूर्ण झाला, आणि मामीच्या आयुष्यात पहिल्यांदा अन्न उरलं. जाणारे-येणारे आता चौकजवळूनच, पण चौकात न वळता, सुसाट निघून जाऊ लागले. खालापूरच्या फूड मॉलवरून नातेवाइकांचे फोन यायचे, "मामी, आत्ताच तुमच्या बाजूने गेलो हं!" मामी विचारायची, "खाल्लंस का काही?" आणि मग, जावयाने परस्पर हॉटेलात जेवावं तशा आवाजात, "बरं केलंस." पुणे-मुंबई टोप माळ्यावर गेला. तो वर चढवताना मामाने शिडी धरली होती. दोघंही बोलले नाहीत म्हणे.

पण देवाला काळजी. काही वर्षांत एक्स्प्रेस वेवरही गाड्या मावेनाशा झाल्या. शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, एखादा कंटेनर आडवा, की माणसं कंटाळून जुन्या रस्त्याला लागतात, आणि जुना रस्ता मामीच्या दारावरून जातो. आता टीव्हीवर बातमी लागते, 'बोरघाटात वाहनांच्या लांबच लांब रांगा', आणि महाराष्ट्रभर लोक हळहळतात. मामी उठून दोन वाट्या तांदूळ जास्त धुते. कोंडी फोडायला खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंक काढली, हे तिला अजून पटलेलं नाही. "सगळे न थांबता गेले तर जेवतील कुठे?" हा तिचा प्रश्न वाहतूक खात्याने कधी विचारातच घेतलेला नाही.

मोरबे धरण चौकजवळच आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईला जातं. तिकडचे पाहुणे आले की मामा हटकून म्हणतो, "या, पाणी तर आमचंच पिताय, जेवायलाही बसा." पुण्याकडून येणारे लोणावळ्याची चिक्की घेऊन येतात. एवढी चिक्की खाणार कोण? मामी ती मुंबईला जाणाऱ्यांच्या हातात देते. एकदा एक डबा मुंबईहून पुण्याला निघालेल्या कोणीतरी परत मामीलाच आणून दिला. मामीने झाकणावरचं स्वतःच्या हातचं शाईचं टिंब ओळखलं, आणि आनंदाने म्हणाली, "अगंबाई, कशाला त्रास घेतलास?"

पहिला पाऊस झाला की डोंगराकडच्या वाडीवरची एक ठाकरीण शेवळांच्या जुड्या घेऊन मागच्या दारी येते. शेवळं मोजके दिवसच मिळतात. आतला पिवळा भाग काढून टाकला नाही आणि काकडांचा आंबट रस घातला नाही, तर घसा असा खाजतो की पाहुणा पुन्हा त्या घराची पायरी चढत नाही. मामी दर वर्षी तिच्याशी भाव करते, भांडते, दोन रुपये कमी करवते, आणि मग तिला चहा, भाकरी आणि मुलांसाठी खाऊ असं पाच-पन्नास रुपयांचं देते. दोघींनाही हा व्यवहार न्याय्य वाटतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकरांच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता. भर पावसात, चिखलातून, मदतीला निघालेली माणसं चालत चढत होती. मामीने माळ्यावरचा टोप काढायला लावला. आधी डाळभात, मग नुसती खिचडी, कारण ती लवकर होते आणि कुठेही उभ्याने खाता येते. दोन-तीन दिवस चूल विझली नाही. नंतर मी गेलो तेव्हा ती ओट्याशी बसून होती. मी काहीतरी कौतुकाचं बोलायला गेलो. ती म्हणाली, "काय केलं रे आपण? काहीच केलेलं नाही."

इतक्या वर्षांत मी त्या वाक्याला पहिल्यांदा हसलो नाही.

पुढच्या जूनमध्ये ठाकरीण आली. मामीने भाव केला नाही. ठाकरीण गोंधळली आणि तिनेच दोन रुपये कमी केले.

तो टोप मात्र परत माळ्यावर चढलेला नाही. परवा आम्ही जेवत असताना मामा पेपरातलं जुनं कात्रण वाचून दाखवत होता. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने एका नव्या महामार्गाला मंजुरी दिली. जेएनपीए बंदराजवळच्या पागोट्यापासून निघणारा, सहा पदरी, लांबी २९.२१९ किलोमीटर, आणि येऊन पोचणार कुठे, तर चौकला. मामा कात्रण हलवत म्हणाला, "बघ! दिल्लीलासुद्धा कळलं चौक कुठे आहे ते."

मामी भाकरी थापत होती. हात थांबला.

"पागोटं म्हणजे उरणकडचंच ना?"

"हो."

"म्हणजे उरणच्या वन्सं आता थेट दारात."

"अगं, रस्ता अजून व्हायचाय. वर्षं लागतील."

मामीने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि उठली.

"आता कुठे चाललीस?"

"डब्यात वाल किती उरलेत ते बघते."