सिंधूचे चावीवाले

२३ एप्रिल २०२५ ला भारताने सिंधू जलकरार स्थगित केला आणि त्या रात्रीपासून वाहिनीवाहिनीवर एकेक चावीवाला कामावर रुजू झाला. गल्लीत पाणी सोडणारा असतो, तसाच. फक्त याने हाताला पाना न लावता अख्खी सिंधू बंद केली. पडद्यावर नकाशा, नकाशावर नळ, नळाखाली भेगाळलेला पाकिस्तान. आदल्याच दिवशी पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली होती, तेव्हा संतापाबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते त्या नळाबद्दल. तो अजून बसवायचाच आहे.

हिशेब आपल्या मापाने करू. सिंधू, झेलम आणि चिनाब या पाकिस्तानच्या वाट्याच्या तीन नद्यांतून वर्षाला साधारण साडेतेरा कोटी एकर-फूट पाणी वाहतं, म्हणजे ५,८०० टीएमसीच्या वर. कोयना १०५ टीएमसीची. हे पाणी अडवायचं तर पन्नासहून जास्त कोयना लागतील, त्याही हिमालयाच्या भूकंपप्रवण दऱ्यांत. या नद्यांवर ३६ लाख एकर-फूट साठ्याची मुभा करारानेच दिली आहे. तीही आपण पुरती वापरलेली नाही. मे २०२५ मध्ये चिनाबवरच्या बगलिहार आणि सलाल धरणांची दारं लावली, खाली पाणी घटलं, वाहिन्यांनी दिवाळी केली. मग दारं उघडावी लागली, कारण भरलेल्या हौदात आणखी पाणी मावत नाही. सलालची तळाची दारं तर पाकिस्तानशी झालेल्या १९७८ च्या समझोत्यात आपणच काँक्रीट ओतून कायमची बुजवायचं कबूल केलं. धरण गाळाने भरलं. तिथला चावीवाला पाना घेऊन गेला तरी फिरवणार काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: सगळा दोष नेहरूंचा, १९६० मध्ये नद्या दिल्या आणि वर सहा कोटींहून जास्त पौंडही मोजले. मोजले खरे, दहा हप्त्यांत, १९६५ च्या युद्धाच्या वर्षीही. पण ते पाकिस्तानच्या पर्यायी कालव्यांसाठी होते आणि बदल्यात रावी, बियास, सतलज पूर्णपणे आपल्या झाल्या. त्यातल्या रावीचं काय केलं? शाहपूरकंडी धरणाची पायाभरणी १९९५ ची, पाणी अडलं २०२४ मध्ये. मधली कित्येक वर्षं पंजाब आणि जम्मू-काश्मीर एकमेकांना पाण्यात पाहत राहिले आणि आपल्या हक्काचं पाणी निमूट सरहद्द ओलांडत राहिलं. एवढ्या दातृत्वाची पावती तरी नेहरूंच्या नावाने फाडू नये.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. पाणी थांबवता आलं नाही तरी दबाव आणता येतो: पुराची आकडेवारी रोखायची, करारातली पावसाळ्याची वेळ न पाळता गाळ उपसायचा, ऐन पेरणीत खालच्या शेतकऱ्याला दारं धरून ताटकळत ठेवायचं. हे जमण्यासारखं आहे आणि खरा डाव तोच आहे. पण वरच्याने मनाला येईल तेव्हा पाणी सोडावं नि आकडे द्यावेत, हा रिवाज एकदा पडला की तो सिंधूपुरता राहत नाही. जुलै २०२५ मध्ये चीनने तिबेटात यारलुंग त्सांगपोवर महाकाय जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं. तीच नदी खाली उतरून ब्रह्मपुत्रा होते. तिथल्या चावीवाल्याला मात्र अजून कुठल्याही वाहिनीने चर्चेला बोलावलेलं नाही.